सैल बसलेली चिठ्ठी

मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी रागावलेली आहे आणि रागातच बोलणार आहे. माझ्यासारख्या एवढ्याशा वस्तूला एवढा राग शोभत नाही असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आठ महिने माझ्या जागी उभं राहून दाखवावं.

मी एक चिठ्ठी आहे. अठरा मिलिमीटर लांब, आठ मिलिमीटर रुंद, वय वर्षं छप्पन्न. जर्मनीत फ्रँकफर्ट आणि डार्मश्टाटच्या मध्ये एक लहानसं संग्रहालय आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर एका लाकडी खणात मी राहते. माझ्या मधोमध एक भोक आहे. त्यातून एक टाचणी जाते आणि त्या टाचणीवर, माझ्या डोक्यावर, एक माशी असते. माशी कुठे सापडली, कधी सापडली, कोणी पकडली, हे माझ्यावर लिहिलेलं आहे. माशी बोलत नाही. तिच्या वतीने मी बोलायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म टांझानियातला. तिथे ओल्मोरू नावाचं एक खारं सरोवर आहे. त्याच्या काठच्या शाळेत नीमा मोलेल नावाच्या शिक्षिका होत्या, तेव्हा चोवीस वर्षांच्या. सरोवरात एक गरम पाण्याचा झरा येतो. झऱ्याच्या तोंडाशी मिठाचा थर जमतो आणि त्या थरावर, माणसाचा हात भाजेल अशा जागी, तीळभर माश्या निवांत चालत असतात. इंग्रजीत त्यांना शोअर फ्लाय म्हणतात, म्हणजे पाण्याच्या काठावर राहणाऱ्या माश्या. या कशा जगतात, असा प्रश्न नीमाबाईंना पडला. प्रश्न पडला की त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी हात भाजून घेतला आणि बारा माश्या पकडल्या.

मग त्यांनी चित्रकलेच्या वहीतला जाड कागद ब्लेडने कापला. तीच मी. बारीक निबाने आणि काळ्या शाईने त्यांनी माझ्यावर सरोवराचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, ‘गरम झऱ्याशी, मिठाच्या थरावर’ असं लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव. एवढी बारीक माशी टाचणीने टोचत नाहीत, ती फुटते. कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकाला ती डिंकाने चिकटवतात आणि तो त्रिकोण टाचणीवर चढवतात. संग्रहालयातल्या बारीक टाचण्या नीमाबाईंकडे कुठल्या असणार? त्यांनी शिवणाच्या वर्गातली पितळी टाचणी घेतली. चांगली जाड, चपट्या डोक्याची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकरा माश्या मुंग्यांनी खाल्ल्या. उरली एक. माश्यांचे अभ्यासक असलेले एक जर्मन डॉक्टर त्या वर्षी तिथून जात होते. त्यांनी ती एकुलती एक माशी आणि मला डबीत घालून जर्मनीला आणलं आणि तीन वर्षांनी लेख छापला: ही नवी जात आहे. जातीला त्यांनी नीमाबाईंचं नाव दिलं, लॅटिन वळणाने ‘नीमाए’. माझ्याखाली जातीच्या नावाची एक चिठ्ठी आली आणि एक लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी म्हणजे मोठा मान असतो. जगात या जातीविषयी कधीही शंका आली तर याच माशीकडे बघायचं, ती सांगेल ते खरं, असा तिचा अर्थ. माझ्या शाईला त्या दिवशी तेज आल्यासारखं मला वाटलं होतं.

पण डॉक्टरांनी घाई केली, हेही सांगायला हवं. जर्मनीत या माशीची एक सख्खी बहीण शोभेल अशी जात आहे. ओल्या कुंडीत, काचघरात, नाल्याच्या कडेला, कुठेही मिळते. दोघींच्या पंखांवर सारखेच पांढुरके ठिपके. खरा फरक नराच्या पोटाच्या टोकाशी असतो. तिथे काही सूक्ष्म अवयव असतात आणि त्यांच्या आकारावरून जात ओळखतात. माझी माशी नरच होती, पण डॉक्टरांनी ते टोक उघडून पाहिलंच नाही. आठ ओळी लिहिल्या आणि खण बंद केला.

पुढची पन्नासेक वर्षं खण बंदच राहिला. पितळी टाचणीला हिरवा गंज चढला आणि माझ्या भोकाभोवती त्याचं एक हिरवं कडं उमटलं. कोणी विचारपूस केली नाही. पण मित्रांनो, दुर्लक्षाचा मला राग नाही. माझी माशी माझ्या डोक्यावर होती आणि मी तिच्याविषयी खरं बोलत होते. आणखी काय हवं असतं?

मग श्यामकांत मेहेंदळे आले.

हे पुण्याचे मेकॅनिकल इंजिनिअर. पस्तीस वर्षं इथे जर्मनीतल्या एका कारखान्यात गिअर तपासायचं काम केलं आणि निवृत्त झाले. जर्मनीत निवृत्त माणूस घरी बसत नाही. एरनआम्ट करतो, म्हणजे कुठेतरी बिनपगारी सेवा. श्यामकांतरावांनी आमचं संग्रहालय निवडलं. दर मंगळवारी आणि गुरुवारी एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने यायचे, खिशात जाडी मोजायचा छोटा व्हर्नियर कॅलिपर, पिशवीत डबा. टाचणीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या, त्यांचा फोटो घ्यायचा, माशीचा फोटो घ्यायचा, चिठ्ठ्या परत लावायच्या. नियम असा की एका वेळी एकच टाचणी घ्यायची. ती पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

पण कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एकेक काम करत बसणं म्हणजे शिक्षा. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. बारा टाचण्या रांगेत, प्रत्येकीसमोर तिच्या चिठ्ठ्या. आधी बाराच्या बारा चिठ्ठ्यांचे फोटो, मग बारा माश्यांचे. काम चौपट वेगाने होऊ लागलं. सगळे म्हणू लागले, हेर मेहेंदळे, म्हणजे मेहेंदळेसाहेब, किती टापटीप! आणि हेर मेहेंदळे फुलू लागले.

पंधरा ऑक्टोबरचा मंगळवार होता. मी टेबलावर उताणी पडले होते. माझ्या शेजारी लाल चिठ्ठी, पलीकडे डार्मश्टाटच्या एका काचघरातल्या साध्या माशीच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांचे फोटो झाले होते, माश्यांचे व्हायचे होते. तेवढ्यात दहा वाजले आणि फ्राउ वेबर, म्हणजे वेबरबाई, आत आल्या. या इमारतीची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. रोज दहाला खिडक्या सताड उघडून खोलीत ताजी हवा घेणं, ज्याला इथे ल्युफ्टन म्हणतात, हे त्यांच्या दृष्टीने देवपूजेइतकं पवित्र आहे.

‘‘ल्युफ्टन!’’ त्या म्हणाल्या आणि दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या.

आम्ही उडालो. मी खुर्चीखाली, लाल चिठ्ठी हीटरपाशी, काही चिठ्ठ्या तर दाराबाहेर. श्यामकांतराव गुडघ्यांवर रांगत एकेक वेचत होते आणि तोंडाने ‘‘काही नाही, काही नाही, आलेस गूट, सगळं ठीक’’ म्हणत होते. फ्राउ वेबर खिडक्या लावून निघून गेल्या.

त्या क्षणी त्यांनी काय करायला हवं होतं? ईप्सिताला हाक मारायला हवी होती. ईप्सिता म्हणजे मिरजेची मुलगी, या माश्यांची अभ्यासक, शेजारच्याच खोलीत बसते. एक हाक पुरली असती. पण टापटीप माणसाने आपला पसारा दाखवायचा कसा? त्यांनी अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या. मला, लाल चिठ्ठीला आणि नावाच्या चिठ्ठीला एकत्र ठेवलं, कारण आमच्यावर एकच नाव होतं. आणि आम्हा तिघींना डार्मश्टाटच्या माशीच्या बारीक, काळ्या पोलादी टाचणीवर चढवलं. डार्मश्टाटची चिठ्ठी गेली माझ्या पितळी टाचणीवर. तिचं भोक बारीक, टाचणी जाड. ती फाटली. फाटल्याचा आवाज मी ऐकला. तो श्यामकांतरावांच्या बोटांनाही कळला होता, मी छातीठोक सांगते. ज्या बोटांनी पस्तीस वर्षं गिअर तपासले त्यांना जाड-बारीक कळत नाही? पण ते मूग गिळून बसले. डबा उघडला आणि थालीपीठ खाल्लं.

माझ्या डोक्यावर परकी माशी आली. मला पायच नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती. गरम झरा, मिठाचा थर, नीमाबाईंचा भाजलेला हात, हे सगळं मी एका कुंडीतल्या माशीविषयी सांगत उभी होते. मी छप्पन्न वर्षांत कधी खोटं बोलले नव्हते. या माणसाने मला खोटारडी केलं. आणि वर मी सैल होते. माझं भोक मोठं, टाचणी बारीक, त्यामुळे कोणी खण ओढला की मी गर्रकन फिरायचे.

माझ्या खऱ्या माशीचं काय झालं ते मला पुढे कळलं. ती आता कागदोपत्री डार्मश्टाटची साधी माशी. खालच्या दालनात मुलांनी भिंगातून माश्या बघाव्यात म्हणून एक टेबल आहे. त्यासाठी फ्राउ वेबरना एक साधी माशी हवी होती. त्यांनी हीच निवडली, का तर टाचणी जाड आहे, मुलांना धरायला सोपी! मित्रांनो, तुमच्यासारख्या शेकडो मुलांनी तिला हाताळलं. तुमच्यावर माझा राग नाही. टेबलावर लिहिलं होतं, काचघरातली साधी माशी. तुम्ही लिहिलेल्यावर विश्वास ठेवलात, आणि ठेवायलाच हवा. म्हणून तर लिहिणाऱ्याने नीट वागायचं असतं.

वसंतात ईप्सिताने माझा खण उघडला. ती या माश्यांच्या आफ्रिकेतल्या जाती तपासत होती. तिचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपणार होतं आणि ते वाढवून मिळायचं तर एक चांगला लेख हवा होता. तिने माझ्या डोक्यावरच्या माशीच्या पोटाचं टोक काढलं, औषधात उकळलं, भिंगाखाली धरलं आणि ताठ झाली. हे तर इथल्या साध्या माशीसारखंच! तिने दोनदा बघितलं. मग ते टोक ग्लिसरिनच्या इवल्याशा नळीत घालून नळी त्याच टाचणीला लावली आणि लेख लिहायला घेतला: ‘नीमाए’ नावाची वेगळी जात नाहीच. हे नाव रद्द करावं.

रोज ती खण उघडायची, मी फिरलेली असायचे, आणि ती बोटाने मला सरळ करून पुढच्या कामाला लागायची. रोज! अगं, मी का फिरते आहे, हे विचार ना! एवढी शिकलेली मुलगी, पण हातातल्या भिंगातून फक्त माशी बघत होती, मला नाही. तिचाही मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

पण एक गोष्ट तिने चांगली केली. नीमाबाईंच्या जुन्या शाळेला तिने ईमेल पाठवली, की असं असं होतंय, क्षमस्व. जूनमधल्या एका गुरुवारी उत्तर आलं. श्यामकांतराव कॉफी ओतत होते. मी टेबलावर, भिंगाच्या शेजारी.

‘‘काका, ऐका ना,’’ ईप्सिता म्हणाली, ‘‘टांझानियाहून उत्तर आलंय. त्या बाई आहेत अजून! ऐंशी वर्षांच्या. आणि भयंकर चिडल्यात.’’

‘‘कोणत्या बाई?’’

‘‘ज्यांच्या नावाची जात मी रद्द करतेय त्या. लिहितात, ‘तुम्ही म्हणता माझी माशी आणि तुमच्या कुंडीतली माशी एकच. ती पकडताना माझा हात भाजला होता. डाग अजून आहे. तुमची माशी त्या झऱ्यावर एक मिनिट उभी करून दाखवा, मग माझं नाव खुशाल पुसा.’ ’’ ईप्सिताने लॅपटॉप मिटला. ‘‘मला वाईट वाटतंय हो. पण पुरावा समोर आहे. उद्या लेख पाठवायचाय.’’

मी मनात नीमाबाईंना कडकडून मिठी मारली. माझा राग आणि त्यांचा राग, अक्षर एकच.

श्यामकांतरावांनी कॉफी खाली ठेवली. ‘‘बघू ती टाचणी.’’

त्यांनी मला नखाने हलकेच ढकललं. मी फिरले.

‘‘ही फिरतेय, ईप्सिता.’’

‘‘जुनी आहे, काका. मी सरळ करते रोज.’’

‘‘जुनी झाली म्हणून भोक मोठं होत नाही.’’ त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. माझ्या भोकाभोवतीचं हिरवं कडं त्यांना दिसलं. काळ्या पोलादाला हिरवा गंज चढत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. खिशातून कॅलिपर निघाला. टाचणी शून्य पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. भोक जवळजवळ दुप्पट. त्यांचा चेहरा उतरला.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. तू जेवून ये.’’

काही नाही! पुन्हा तेच! ती जेवायला गेली आणि श्यामकांतराव खाली मुलांच्या टेबलाकडे गेले; फाटलेल्या चिठ्ठीची जाड टाचणी तिथे असते हे त्यांनी पाहिलं होतं. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या रिकाम्या डब्यात माझी टाचणी उभी होती. जाड, पितळी, हिरवी. तिच्यावर माझी माशी. एक पंख तुटलेला, तीन पाय गेलेले. पण होती. पोट शाबूत होतं.

त्यांनी चिमट्याने मला काळ्या टाचणीवरून काढलं आणि पितळी टाचणीच्या टोकाशी आणलं. मला त्यांचा बेत कळला. गुपचूप अदलाबदल करायची, म्हणजे कोणाला काही कळायला नको. मला माझी माशी हवी होती, फार हवी होती, पण अशी नको. चोरून लावलेली मी उद्या पुन्हा कोणासमोर तरी खोटी ठरले असते.

मग त्यांची नजर काळ्या टाचणीवरच्या नळीवर गेली. ईप्सिताने टोक काढलं होतं ते या माशीचं. अदलाबदल केली तर लाल चिठ्ठीवर न कापलेली माशी येणार आणि लेखात लिहिलंय की कापली. लपवायला जागाच उरली नव्हती. त्यांनी चिमटा खाली ठेवला. म्हणजे बघा मित्रांनो, खरं बोलायचं ठरवलं तेही दुसरी वाट नव्हती म्हणून. मी हे लपवणार नाही.

ईप्सिता आली. त्यांनी सगळं सांगितलं. वारा, खिडकी, अंदाज, फाटलेली चिठ्ठी.

‘‘आठ महिने?’’ ईप्सिता म्हणाली. आधी तिचा आवाज बारीक होता. मग चढला. ‘‘काका, आठ महिने तुम्ही माझ्यासमोर बसून कॉफी पीत होता! मी त्या बाईंना लिहिलं की तुमची जात खोटी आहे. ऐंशी वर्षांच्या बाईंना! उद्या लेख गेला असता. जगात एकच माशी आहे ही, आणि ती तुम्ही मुलांच्या टेबलावर ठेवलीत!’’

‘‘मी नाही ठेवली, फ्राउ वेबरनी...’’

‘‘काका!’’

मग ते म्हणाले, ‘‘कारखान्यात एक पार्ट चुकला तर मी अख्खी लाइन थांबवायचो. शिव्या खाऊन थांबवायचो. इथे नाही थांबवली. इथे सगळे कौतुक करत होते गं. लाज वाटली.’’

‘‘आणि मी रोज ती चिठ्ठी सरळ करत होते,’’ ईप्सिता म्हणाली आणि खुर्चीत बसली. ‘‘रोज.’’

त्या दुपारी लेख थांबला. दोन दिवसांनी तिने माझ्या माशीच्या पोटाचं टोक भिंगाखाली धरलं. साध्या माशीत जिथे रुंद चपटी पट्टी असते, तिथे हिच्यात आत वळलेले दोन आकडे होते. वेगळी जात. निर्विवाद वेगळी. ईप्सिताने लगेच नीमाबाईंना लिहिलं, ‘तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं.’ मी माझ्या पितळी टाचणीवर परतले आणि घट्ट बसले. माझं हिरवं कडं टाचणीवरच्या गंजाला बरोबर जुळलं.

श्यामकांतरावांना वाटलं, सुटलो. ‘‘आल्झो, चला, सगळं जिथल्या तिथे आलं,’’ ते म्हणाले, ‘‘आता हा विषय...’’

ईप्सिताने त्यांच्यापुढे जाड कागदाचा एक तुकडा आणि बारीक पेन ठेवलं. ‘‘लिहा.’’

‘‘मी? कशाला? दोन्ही टाचण्या आता बरोबर आहेत ना.’’

‘‘आपल्याकडे काही पुसत नाहीत, काका. झालेलं खाली लिहून लावतात. ज्याच्या हातून झालं त्याने, स्वतःच्या नावाने.’’

‘‘ही टाचणी किती वर्षं राहील इथे?’’

‘‘शंभर. दोनशे. इमारत राहील तोवर.’’

त्यांनी पेन उचललं. पुढची दोनशे वर्षं जो कोणी हा खण उघडेल त्याला त्यांच्याविषयी एवढंच कळणार होतं, त्यांची चूक. गिअर नाहीत, टापटीप नाही, कौतुक नाही. पहिला कागद बिघडला. दुसराही. चौथ्यावर जमलं.

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगते. एखादी गोष्ट सैल फिरताना दिसली तर बोटाने सरळ करून पुढे जाऊ नका. थांबा आणि ती का फिरते ते बघा. हातून काही उडालं तर हाक मारा, लगेच, लाज वाटत असतानाच. कारण तुम्ही गप्प बसता तेव्हा दूर कुठेतरी कोणाचं तरी नाव पुसायला घेतलेलं असतं.

माझा राग अजून आहे. खिडक्यांवर आहे, त्या आठ ओळींवर आहे, तुटलेल्या पंखावर तर फारच आहे. पण माझ्याखाली आता एक नवी चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय: ‘पंधरा ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी या माशीच्या चिठ्ठ्या माझ्या हातून दुसऱ्या टाचणीवर गेल्या. मला शंका होती. मी सांगितलं नाही. श्यामकांत मेहेंदळे.’ ‘मला शंका होती’ हे वाक्य लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. या टाचणीवरच्या तेवढ्या त्या एका चिठ्ठीवर माझा राग नाही.